सायलेंट व्हॅलीची वीज आणि अट्टप्पाडीची जमीन

केरळातील पालघाट जिल्ह्यात मुक्काली हे गाव आहे. तेथून निघालेली जीप २३ किलोमीटरांवर सैरंध्री येथे थांबते. तेथील मनोऱ्यावरून सदाहरित अरण्यातून वाहणारी कुंतिपुळा नदी दिसते. इंग्रजांनी या खोऱ्यास सायलेंट व्हॅली म्हटले. परंतु स्थळाला सैरंध्रीचे आणि नदीला कुंतीचे नाव लोकांनी केव्हाच देऊन ठेवले होते. येणारा प्रवासी सिंहपुच्छ वानर दिसेल की नाही, या विवंचनेत असतो. याच जागी धरण व्हावयाचे होते, हे सहसा त्याच्या मनातही येत नाही.

१९७३ साली नियोजन मंडळाने त्या धरणास मान्यता दिली. मलबारला वीज कमी पडत होती, ही तक्रार खरी होती. म्हणूनच डाव्या पक्षांतील व कामगार संघटनांतील अनेकांनी प्रकल्पाचा कैवार घेतला. त्यांना अरण्याचे वैरी ठरविणे अन्यायाचे होईल. अरण्य सुंदर आहे, एवढ्याने त्यांचे समाधान होणार नव्हते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने हे ओळखले. तिच्या पाच अभ्यासकांनी (त्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, तसेच इंजिनियर आणि अर्थशास्त्रज्ञही) १९७९ साली प्रकल्पाचा हिशेबच जनतेपुढे ठेवला. मलबारची गरज मान्य करून, १२० मेगावॅटची ही वीज दुसऱ्या मार्गाने कशी मिळेल, हे त्यांनी दाखविले. वाद गावोगाव गेला. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

परंतु मुक्काली हे अट्टप्पाडीचे प्रवेशद्वारही आहे. इरुळा, मुडुगा व कुरुंबा यांचा हा मुलूख. प्रवाशांना अरण्य दाखविणारे वाटाडे पुष्कळदा याच वस्त्यांतील असतात. त्यांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून केरळ विधानसभेने १९७५ मध्ये कायदा केला, तो वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. २०१३ साली अट्टप्पाडीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा देशाला या भागाचे नाव पुन्हा ऐकू आले. तत्पूर्वीच, १९९९ साली, नवा कायदा होऊन गेला होता: दोन हेक्टरपर्यंतची शेतजमीन ज्याच्या ताब्यात त्याच्याकडेच राहावी, आणि आदिवासीला सरकारने दुसरीकडे जमीन द्यावी. परिषदेने विजेचा मांडला तसा या जमिनीचा हिशेब, सर्व्हे नंबरांसकट, गावोगाव मांडण्याचे काम अजून शिल्लक आहे.