वाडा पडला, आता शाळा कुठे दाखवायची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



जुन्या वास्तू जपणे हा विषय आपल्या शिबिरात कशाला, असे काही जणींना वाटले असेल. मारहाण, पोटगी, रेशन, कामाची मजुरी असे प्रश्न समोर असताना पडक्या भिंतींचे काय घेऊन बसायचे? म्हणून आधी पुण्यातल्या दोन घरांविषयी सांगते.

पहिले घर बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे, तात्यासाहेब भिड्यांनी दिलेल्या जागेत. समोर दगडूशेठ गणपतीचे मंदिर, तिथे बारा महिने रांग. वाड्याकडे मान वर करून बघणारे थोडेच. खाली दुकाने चालू होती आणि वरचा भाग ढासळत होता. इथे स्मारक व्हावे म्हणून किती निवेदने दिली गेली, किती मोर्चे निघाले! पण महापालिका आणि भाडेकरू यांचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल पालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये एका रात्रीत वाडा पाडण्यात आला. तोवर तो पार मोडकळीला आला होता. त्या जागी नवे स्मारक बांधायचे ठरले. स्मारक जरूर व्हावे. पण ज्या भिंतींच्या आत मुलींनी पहिल्यांदा पाटी हातात धरली, त्या भिंती आता कुणालाच दाखवता येणार नाहीत.

यात भाडेकरूंना खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. दुकान हे त्यांचे पोट होते. जुन्या वाड्यांत भाडे नाममात्र, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी खर्च का करू? दोघांच्या भांडणात पाऊस मात्र दरवर्षी येतो. पुनर्वसनाचा प्रश्न वेळीच सोडवला असता, तर कदाचित काही वाचले असते.

दुसरे घर गंज पेठेतला फुले वाडा. हे फुले दांपत्याचे राहते घर. शासनाने ते संरक्षित केले, दुरुस्त केले आणि लोकांसाठी उघडले. अंगणात जोतीरावांची समाधी आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या अंगणात उभे राहून ऐकणे वेगळे. शाळेतल्या मुलींना तिथे नेऊन पाहा. सातारा जिल्ह्यातल्या नायगावचे सावित्रीबाईंचे जन्मघरही असेच दुरुस्त करून उघडलेले आहे.

मग एक घर टिकते, दुसरे का पडते? किल्ला राजाचा असतो, राजवाडा सरदाराचा. बायकांचे काम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जागेत उभे राहिले. शाळा भिड्यांच्या वाड्यात. १८४९ साली घर सोडावे लागले, तेव्हा आसरा उस्मान शेख यांच्या घरात. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. त्याला ज्या जागेवरून ‘हुजूरपागा’ हे नाव पडले, ती पेशव्यांच्या घोड्यांची पागा! अशा जागांना नक्षीदार खांब नसतात, मोठ्या माणसाचे नाव नसते. वास्तूची किंमत फक्त कारागिरीवर ठरवली, तर आपला इतिहास यादीच्या बाहेरच राहणार. म्हणून तिथे काय घडले, हाही निकष हवा, असा आग्रह आपल्याला धरावा लागेल.

दुरुस्तीविषयीही थोडे समजून घ्या, कारण पैसा आला की घाईने सिमेंट फासले जाते. वाडा म्हणजे सागाचा सांगाडा, मधे माती-विटांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, विटा भुगा होतात, लाकूड कुजते. दोन वर्षे घर चकचकीत दिसते आणि मग आतून खचते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि सुतार शोधावे लागतात. दरवर्षी पावसाळ्याआधी कौले फिरवणे, पन्हळी साफ करणे, एवढ्यानेही घराचे आयुष्य वाढते.

आणि उघडायचे म्हणजे काय? ३ जानेवारीला हार घालायचा आणि एरवी कुलूप, याला उघडणे म्हणत नाहीत. ज्या दिवशी मोलकरणीला सुट्टी, त्या दिवशी दार उघडे हवे. स्वच्छतागृह हवे, बसायला सावली हवी, पायरी चढता न येणाऱ्या म्हातारीची सोय हवी. माहिती सांगणारी बाई वस्तीतलीच असावी आणि तिला पगार असावा. एखाद्या खोलीत मुलींची अभ्यासिका चालावी. वापरातले घर सहसा पडत नाही.

तिथे सांगायचे काय, तेही आपण ठरवू या. फातिमा शेखचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. या दोघींच्या नावाची पाटी नसेल, तर ती दुरुस्ती अर्धीच झाली.

आता काम. आपापल्या गावात बघा: मुलींची पहिली शाळा कुठे भरली, परित्यक्तांना कुणी आसरा दिला, विडी कामगार बायकांची पहिली सभा कोणत्या ओट्यावर झाली. म्हाताऱ्या बायकांना विचारा. उतारा काढून मालकी कुणाची ते पाहा, फोटो काढा, ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने निदान एका जागेची माहिती आणायची. छप्पर शाबूत आहे तोवरच हे काम सोपे आहे.