बिअर : लग्नाच्या मांडवापासून घरच्या हंड्यापर्यंत



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले आहे, इतिहास ऐकला आहे, शेतीचे अर्थशास्त्रही ऐकले आहे. आज बिअर ऐकावयाची आहे. आम्ही चिटणिसांना विषय कळवला तेव्हा ते म्हणाले, "हरकत नाही, मात्र प्रात्यक्षिक नको." ती अट आम्ही मान्य केली आहे.

आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. कामगार कार्यकर्ता दारूविषयी बोलू लागला म्हणजे तो "पिऊ नका" एवढेच सांगणार, अशी लोकांची अपेक्षा असते. ते आम्ही शेकडो गेट-मीटिंगांत सांगितले आहे आणि यापुढेही सांगू. परंतु एवढे सांगून माणूस का पितो हे कळत नाही, आणि त्यात आनंद कोठला व नाश कोठला हेही कळत नाही. या दोहोंमधली रेघ कोठे पडते, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम बिअर म्हणजे काय ते पाहू. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. बिअरचा आरंभ तसाच आहे. जव, म्हणजे बार्ली, भिजवतात, तिला मोड आणतात आणि वाळवतात. याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की, भरडलेले माल्ट साधारण पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले तर त्यातल्या पिठाची साखर होते. हे गोड पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व वायू बाहेर टाकते. इडलीचे पीठ रात्रीत फुगते, तोच हा वर्ग. त्यात गूढ काही नाही. आहे ती स्वच्छता आणि वाट पाहणे.

आता लग्नाकडे येऊ. इंग्रजीत विवाहविषयक गोष्टींना 'ब्रायडल' म्हणतात. हा शब्द मूळचा 'ब्राइड-एल', म्हणजे नवरीची बिअर. 'एल' ही हॉप्सविना केलेली जुनी इंग्रजी बिअर. जुन्या इंग्लंडात लग्नाच्या जेवणावळीलाच हे नाव होते. लग्नासाठी घरी खास एल करावी, गावाने येऊन ती प्यावी आणि तिच्या किमतीपेक्षा काही अधिक पैसे द्यावेत, म्हणजे नव्या जोडप्याच्या संसाराला हातभार लागे, अशी रीत अनेक ठिकाणी होती. आपल्याकडे आहेर करतात, तसाच हा पेल्यातून केलेला आहेर म्हणा ना! पिणे उघड्यावर होते, थोरामोठ्यांच्या देखत होते, आणि त्याला निमित्ताची मर्यादा होती. लग्न संपले की पिंप संपले.

ही एल करीत कोण? बहुतेक घरच्या बायका. भाकरी भाजावी तशी ती करावी, उरलेली दाराशी विकावी. एल करणाऱ्या बाईला 'ब्रूस्टर' म्हणत. आज ते आडनाव होऊन बसले आहे. हॉप्स नसलेली एल थोड्याच दिवसांत आंबट होई, म्हणून ती गावातच करावी आणि गावातच संपवावी लागे. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशांतून हॉप्सची बिअर इंग्लंडात रुजली. हॉप्समुळे बिअर टिकू लागली. टिकते ती वस्तू साठवता येते, लांब पाठवता येते, आणि तेथे भांडवल शिरते. मोठी भांडी, मोठी उधारी, व्यापाऱ्यांचे संघ, यांत बायकांचा निभाव लागला नाही. पुढच्या दीडदोनशे वर्षांत हा धंदा त्यांच्या हातून बव्हंशी निसटला. ज्या हातांनी हुन्नर जपला, त्या हातांत बादली व खराटा तेवढा राहिला. हीच टिकाऊ बिअर अठराव्या शतकात जहाजांतून आमच्या मुंबईस आणि कलकत्त्यास उतरू लागली.

भांडवल शिरले म्हणजे काय होते त्याचे एक उदाहरण सांगतो. १७ ऑक्टोबर १८१४. लंडनमधील टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ म्यू कंपनीचा बिअरचा कारखाना. तेथे बावीस फूट उंचीचे लाकडी पिंप भरून ठेवले होते. दुपारी त्याचा एक लोखंडी पट्टा निखळला. कारकुनाने वर कळवले. उत्तर आले की घाबरण्याचे कारण नाही, सवडीने दुरुस्त करू. तासाभरात पिंप फुटले. बिअरचा लोंढा भिंत पाडून शेजारच्या गरीब वस्तीत शिरला आणि आठ जीव गेले. सगळ्या स्त्रिया आणि मुले. मेलेल्या एका बालकाच्या शोकासाठी जमलेल्या बायकाही त्यांत होत्या. पंचांनी अपघात म्हणून निकाल दिला. वाहून गेलेल्या बिअरवरचा कर कंपनीला सरकारकडून परत मिळाला. कारखान्यातला निखळलेला पट्टा आणि "सवडीने पाहू" हे उत्तर, दोन्ही आम्हांला फार ओळखीची आहेत.

पगार आणि पेला यांची गाठही त्याच काळातली. मुकादमाने मजुरांना गुत्त्यात बोलवावे, तेथेच तासन्‌तास तिष्ठत ठेवावे आणि तेथेच पगार वाटावा. पगार घरी पोहोचण्याआधीच त्याला गळती लागे. अखेर १८८३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुत्त्यात पगार वाटण्यास बंदी करणारा कायदा केला. हा दारूबंदीचा कायदा नव्हता. माणसाने काय प्यावे याविषयी त्यात अवाक्षर नाही. पगार आणि पेला यांच्यामध्ये त्याने घराचा उंबरठा उभा केला, एवढेच. आमच्या मते हा फार शहाणा कायदा होय.

कामगार बिअरसाठी लढलाही आहे. म्युनिकचा ऑक्टोबरातला बिअरचा उत्सव जगप्रसिद्ध आहे. तोही मूळचा लग्नाचाच सोहळा. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचे राजकन्या तेरेझेशी लग्न झाले, आणि त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली. हाच युवराज पुढे राजा झाला आणि १८४४ च्या मे महिन्यात त्याच्या राज्यात बिअरचा भाव चढला. म्युनिकच्या श्रमिकांनी दंगल केली. सैन्यही त्यांच्यावर चालून जाण्यास नाखूष होते. अखेर राजाला भाव दहा टक्क्यांनी उतरवावा लागला. इंग्लंडातल्या कामगारांनी अधिक पक्का मार्ग काढला. १९१९ साली ईशान्य इंग्लंडातील कामगारांच्या क्लबांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा बिअरचा कारखाना काढला. तो २००४ साली एका मोठ्या कंपनीला विकला गेला. पण ऐंशीवर वर्षे पिणाऱ्यांच्याच संस्था कारखान्याच्या मालक होत्या, हे विसरू नये.

आता घरच्या हंड्याकडे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करावयाची तर परवाना लागे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. विकण्यास मात्र मोकळीक नाही. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, तरी घरच्या बिअरला परवानगी मिळावयास १९७८ साल उजाडले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून या देशांत शिक्षक, गवंडी, नर्सबाई, पेन्शनर असे हजारो लोक स्वयंपाकघरात बिअर करतात.

त्यातली खरी गंमत स्वादाची आहे. हॉप्स आरंभी घातले तर कडूपणा उतरतो, उकळी संपता संपता घातले तर वास टिकतो. हेच मसाल्याचे. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. हा प्रकार हूगार्डन गावी बंद पडला होता. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ साली तो पुन्हा सुरू केला. तेथेच आंबट चेरी घालून मुरवलेली बिअरही होते. कोणी आले घालतो, कोणी मध, कोणी रानफुले. हॉप्स येण्यापूर्वी युरोपात रानातल्या पाल्यांनीच बिअरला चव आणीत. म्हणजे नवे म्हणून जे मिरवते ते पणजीच्या घरातलेच आहे.

एका हंड्यात साधारण तेवीस लिटर, म्हणजे चाळीस पाइंट बिअर होते. भांडे धुण्यात कसूर झाली की सगळी आंबट. बाटलीत वायू धरावा म्हणून चिमूटभर साखर घालतात. ती जास्त झाली की बाटली फुटते. आंबवण्यास आठवडा-दोन आठवडे आणि बाटलीत आणखी दोन. महिनाभर राबून जी वस्तू हाती येते ती माणूस घटाघटा पीत नाही. तो पेला उजेडाकडे धरतो, वास घेतो, शेजाऱ्याला हाक मारतो आणि विचारतो, "धणे जास्त झाले का हो?" मित्रहो, या प्रश्नात आम्हांला बिअरचा सगळा आनंद दिसतो. करणाऱ्याचा अभिमान त्यात आहे, आणि दुसऱ्याच्या जिभेचा मानही आहे.

आपल्याकडे काय चालते? लॉनवर स्वागतसमारंभ. पुढे सनई, जेवणाची रांग, आहेर. मागे अंधारात उभ्या केलेल्या गाडीची डिकी उघडी. तेथे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या, उभ्याउभ्या, रिकाम्या पोटी, सासरा यावयाच्या आत दहा मिनिटांत संपवावयाच्या. आमच्या एका सभासदाचा तरणाताठा मुलगा अशाच एका लग्नातून मोटारसायकलीवर निघाला तो घरी पोहोचला नाही. तो किती प्याला होता ते कोणालाच सांगता येईना. सांगता कसे येणार? पिणे कोणाला दिसू नये अशीच सगळी व्यवस्था होती. आम्ही त्याच्या बापाशेजारी बसून होतो. त्या रात्री आम्हांस नवरीच्या एलची रीत आठवली. तेथे सारा गाव पाहत असे. येथे पाहणारा एकही नव्हता.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. मद्यार्काने कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि पिण्याची कोणतीही मात्रा पूर्ण निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. जो पीत नाही त्याने आमचे ऐकून आरंभ करू नये. आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्यानुसार परवान्याविना घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, आणि बिअर पिण्यासही वयाची एकवीस वर्षे पुरी लागतात. तेव्हा घरी हंडा चढवा, असे सांगावयास आम्ही आलेलो नाही.

सांगावयाचे ते इतकेच. यजमानाला बिअर द्यावयाची नसेल तर त्याने देऊ नये, आणि पाहुण्याने डिकीही उघडू नये. द्यावयाची असेल तर कायदा पाळून, उजेडात, जेवणाच्या पानाशेजारी द्यावी. कोकमाचे सरबत घेणाऱ्याला तोच मान द्यावा. आणि जो प्याला असेल त्याच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यावी. पगाराने आधी घराचा उंबरठा ओलांडावा, मग पेल्याचा विचार व्हावा. पेला अंधारात गेला की त्याची किंमत घरची माणसे मोजतात. तो चार माणसांच्या देखत राहिला तर त्याला निमित्ताची मर्यादा राहते, आणि मर्यादेतच त्याचा जो काही आनंद आहे तो आहे.