निळ्या जाळात पिवळा रंग कुठून येतो?

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला आम्ही एका वहिनींच्या घरी जमलो होतो. गॅसवर कर्जत-3 चा भात रटरटत होता. मीठ घातलेली पेज उतू गेली आणि निळा जाळ एकदम पिवळाधमक झाला. वहिनी घाबरल्या. मी म्हटलं, "काही नाही हो, मीठ आहे ते."

पेण-उरणच्या मिठागरातलं असो की पुड्यातलं, मिठात सोडियम असतं. सोडियमच्या एका अणूत 11 इलेक्ट्रॉन. मधलं केंद्र त्यांना आपल्याकडे ओढतं. मग सगळे त्याला चिकटून का बसत नाहीत? विहिरीच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खालच्या पायरीवर दोघांनाच जागा, तिच्या वरच्या पायरीवर आठ जणांना. उरला अकरावा, तो आणखी वर, एकटा. भरलेल्या पायरीवर दुसऱ्याला शिरता येत नाही; हा नियम पाउली नावाच्या शास्त्रज्ञाने 1925 साली मांडला. दोन पायऱ्यांच्या मध्येही उभं राहता येत नाही. का, तर इलेक्ट्रॉन अणूत लाटेसारखा वागतो. ताणलेल्या तारेतून जसे ठराविकच सूर निघतात, तशा केंद्राने बांधलेल्या लाटेच्या ऊर्जाही ठराविकच. विहीर आपली समजण्यापुरती.

जाळाची धग लागली की तो एकटा अकरावा वरच्या पायरीवर उडी मारतो आणि लगेच खाली येतो. येताना जास्तीची ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. सोडियमच्या त्या उडीचा रंग पिवळा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांत हाच. फटाक्यातला हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा. ज्याच्या त्याच्या पायऱ्यांमधलं अंतर वेगळं.

माझं व्याख्यान संपलं, शेगडी पुसून झाली, तरी जाळ पिवळाच! पातेल्याचं बूडही काळं. मग मात्र मी गप्प. हा पिवळा मिठाचा नव्हता, काजळीचा होता. बर्नरमध्ये कचरा अडकून हवा कमी पडली की गॅस पुरता जळत नाही, काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. चुलीतला पिवळा जाळ मुख्यतः तोच. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत आधी डोकं दुखतं, गरगरतं, आणि जीवही जातो.

मिठाचा पिवळा मीठ संपलं की जातो, काजळीचा राहतो. वहिनींनी रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, बर्नर निवल्यावर काढून घासला, टाचणीने भोकं मोकळी केली. भात तेवढा मागच्या अंगणात चुलीवर शिजला.