जमिनीखालची मेट्रो की हलकी मेट्रो?

मागच्या बैठकीत बचत जमा करता करता एका ताईंनी विचारलं, "मुंबईत जमिनीखालून मेट्रो धावते, मग आपल्या नाशिकला का नाही?" त्यांची लेक नाशिकला कामाला जाते. पगारातले बरेच पैसे रिक्षालाच जातात. म्हणून आम्ही गटात बसून हिशेब मांडला.

मुंबईची आरे ते कफ परेड ही मेट्रो साडेतेहतीस किलोमीटरची. आधी खर्च २३,१३६ कोटी धरला होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे १,१०० कोटी. त्यासाठी जपानकडून मोठं कर्ज काढलं आहे. बोगदा खणायचा, खोल स्टेशनं बांधायची, आत हवा खेळती ठेवायची, पाणी उपसायचं, आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा ठेवायच्या. पैसा तिथे जातो.

नाशिकसाठी ठरली ती मेट्रो निओ. रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब जोडबस, तिला स्वतंत्र मार्ग. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींचा आकडा होता. मार्ग साधारण तेवढाच लांब, पण किलोमीटरला ६०-६५ कोटी.

मग मुंबईचं चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. गिरगाव, काळबादेवीत रस्ते अरुंद, इमारती एकमेकींना खेटून, माणसांची रीघ. वर जागाच नाही. पण आपण गटाच्या कर्जातून पिठाची गिरणी घेतो, तेव्हा आधी गावात दळण किती येईल ते बघतो. मोठी गिरणी रिकामी राहिली, तरी हप्ता थांबत नाही. आठ डब्यांच्या मेट्रोचंही तसंच.

पण एक गोष्ट बैठकीत सगळ्याजणींना पटली. स्वस्त योजना कागदावरच राहिली, तर ती सगळ्यांत महाग. घोषणेला वर्षं लोटली, नाशिकची निओ अजून धावलेली नाही. तोवर आपल्या लेकी रिक्षाचंच भाडं भरताहेत.

म्हणून शहरातल्या लेकी-सुनांना सांगा, मत मागायला येईल त्याला विचारा: गाडी कधी सुरू होणार? तिकीट किती? आणि तोवर बस किती वाढवणार?

उत्तर मिळालं की आम्हालाही कळवा.