आपल्या घरातले परके कुलूप

एखाद्या गृहस्थाने कपाट विकत घ्यावे आणि सुताराने त्याला बजावावे की, यात फळी बसवाल ती माझ्याच दुकानची. दुसऱ्याची बसवलीत तर दार उघडणार नाही. अशा सुताराला आपण काय म्हणू? असे कपाट मला प्रथम माझ्या मुलाने दाखविले. ते होते पडद्यावरचे खेळ खेळण्याचे यंत्र, ज्याला मुले ‘गेमिंग कन्सोल’ म्हणतात.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ साली अमेरिकेच्या बाजारात आले. त्याची हार्ड डिस्क एका खास वेष्टनात मिळे. वेष्टन उघडले, तर आत निघे लॅपटॉपमध्ये असते तशीच अडीच इंची डिस्क. तरीही बाजारातली तशीच दुसरी डिस्क आणून बसवावी, तर यंत्र तिला ओळख देत नसे. कारण तिच्यावर कंपनीची खूण नसे. २००७ साली १२० गिगाबाइटच्या अधिकृत डिस्कसाठी सुमारे १८० डॉलर मोजावे लागत. त्याच काळातील सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र कोणतीही साधी डिस्क मालकाला स्वतः बसविता येई. तेव्हा अडचण विज्ञानाची नव्हती, इच्छेची होती.

पण सोनीला तरी साधू कसे म्हणावे? तिच्या व्हिटा या हातात धरून खेळण्याच्या यंत्राला सोनीचेच खास स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, लागे. २०१२ साली अमेरिकेत ३२ गिगाबाइटचे कार्ड १०० डॉलरना होते. तेवढ्याच क्षमतेचे साधे कार्ड त्याच्या अल्पशा भागात मिळे. २०१९ साली व्हिटाचे उत्पादन थांबले. ज्याचे कार्ड आता बिघडेल, त्याला यंत्र धडधाकट असूनही जुन्या बाजाराची पायरी चढावी लागते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्र पुष्कळदा उत्पादनखर्चाच्या आसपास, प्रसंगी तोट्यानेही विकले जाते. नफा खेळांवर आणि उपांगांवर मिळवायचा, असा हा हिशेब असतो. शिवाय चोरट्या प्रतींना आळा घालण्याचे कारणही पुढे केले जाते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण चोराच्या भीतीने घातलेले कुलूप आणि गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहून घातलेले कुलूप दिसायला सारखेच असते. नेमके कोणते कुठे आहे, हे विकत घेणाऱ्याला कसे कळावे?

सरकारी नोकरीत माझी वीस वर्षे गेली आहेत. नियम केला की सारे सुधारते, असा भाबडा समज आता उरलेला नाही. तरीही युरोपीय संघाचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे डिसेंबर २०२४ पासून मोबाइल फोनप्रमाणेच हाती धरण्याच्या खेळयंत्रांनाही एकाच प्रकारचे, यूएसबी-सी, चार्जिंगचे तोंड सक्तीचे झाले. हा नियम स्मृतिपत्रांना लागू नाही. पण प्रत्येक कंपनीने आपली वेगळी खाच ठेवणे ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे, एवढे त्याने सिद्ध केले.

तोवर आपल्या हाती एक साधी गोष्ट आहे. यंत्राची किंमत विचारताना त्याच्या डिस्कची, कार्डाची आणि जोडण्यांचीही किंमत विचारावी, आणि ती दुसऱ्या कुणाची चालते का, हेही विचारावे. किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असेल, तर ती वस्तू घरात आली तरी पुरती आपली झालेली नसते.