नदीचा नाला आणि नाल्याची नदी

जयपूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सामान्यतः दोन चित्रे उभी राहतात. एक इतिहासातले : १६६५ साली पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांशी तहाची बोलणी करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंहाचे. दुसरे प्रवासवर्णनातले : गुलाबी भिंती, सरळ रुंद रस्ते आणि हवामहलाच्या जाळीदार खिडक्या. पैकी पहिल्या चित्राला थोडी दुरुस्ती हवी. मिर्झाराजांची राजधानी डोंगरातील आंबेर ही होती; जयपूर शहर वसवले ते त्यांच्या वंशातील सवाई जयसिंहाने, १८ नोव्हेंबर १७२७ रोजी. थोरल्या बाजीरावांची १७३६ साली राजस्थानात भेट झाली ती याच जयसिंहाशी. दुसऱ्या चित्रात चूक अशी काही नाही, उणीव मात्र आहे. त्यात पाणी कोठेच दिसत नाही.

वस्तुतः आंबेर आणि जयपूर यांचा सारा इतिहास पाण्याचा इतिहास आहे. वर्षाकाठी सरासरी साठ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, तोही दोन-अडीच महिन्यांत पडणारा. भोवती अरवलीच्या उघड्या टेकड्या. आणि बारमाही वाहणारी एकही मोठी नदी जवळ नाही. अशा जागी माणसे राहिली ती पावसाचा थेंब अडवूनच. आंबेरच्या वरच्या अंगास असलेल्या जयगडावर डोंगरउतारावरून पाट काढून पावसाचे पाणी टाक्यांत नेलेले आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या टाक्याचे छत ८१ खांबांवर तोललेले असून त्यात साठ लाख गॅलन पाणी मावते असे सांगतात. रायगडाचा गंगासागर किंवा आपल्या कोणत्याही गडावरील खोदीव टाकी ज्याने पाहिली आहेत, त्याला या योजनेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे सपाटीवर नवी राजधानी वसली तेव्हा बंगाली पंडित विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने तिचे नऊ चौकड्यांचे प्रसिद्ध रेखाटन झाले आणि झोटवाड्याच्या बाजूने वाहणाऱ्या प्रवाहाचे पाणी कालव्याने शहरात आणले गेले. कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त पाटाने पुण्यात खेळवणाऱ्या नानासाहेब पेशव्यांची योजना यानंतरची. अलीकडे भुयारी मेट्रोसाठी छोटी चौपड आणि बडी चौपड येथे खोदकाम चालू असता रस्त्याखाली जुनी दगडी कुंडे सापडली, तेव्हा हजारो जयपूरकरांना प्रथमच कळले की, ज्या चौकांत आज वाहनांची गर्दी असते, तेथे एके काळी नगरवासी पाणी भरीत असत.

शहर वाढले तसे हे पाणी अपुरे पडू लागले. एकोणिसाव्या शतकात शहराच्या पश्चिमेस वाहणाऱ्या अमानीशाह नाल्यावर बंधारा घालून, यंत्रांनी पाणी उपसून ते नळांनी शहरास देण्यात आले. तेही पुरेना, तेव्हा बाणगंगा नदीवर रामगडचे धरण उभे राहिले. १८९७ साली त्याचे काम सुरू झाले, १९०३ साली ते पुरे झाले आणि १९३१ पासून त्याचे पाणी जयपूरच्या घरोघरी पोचू लागले. १९०१ साली शहराची वस्ती सुमारे १ लाख ६० हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३० लाखांवर गेली. रामगडनंतर कूपनलिकांची पाळी आली आणि भूगर्भातील साठा इतक्या वेगाने उपसला गेला की, झोटवाडा, सांगानेर, आंबेर हे शहराभोवतालचे विभाग शासनाच्याच दप्तरी ‘अतिशोषित’ ठरले. अखेर सुमारे १२० किलोमीटरवरील टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बीसलपूर धरणाचे पाणी २००९ साली जयपुरात आले. आज हे शहर मुख्यत्वे त्याच पाण्यावर जगते.

ही जंत्री नीट ऐकली तर तिच्यात एक क्रम आढळेल. प्रत्येक वेळी शहराने पहिल्यापेक्षा दूरचे पाणी आणले आणि प्रत्येक वेळी जवळचे पाणी टाकून दिले. टाकून दिलेल्या पाण्याचे काय होते, याचे उत्तर अमानीशाह नाल्याने दिले आहे. हा मुळात द्रव्यवती नदीचा प्रवाह. नाहरगडच्या डोंगरांत उगम पावून, शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेस सांगानेरकडे वळून, सुमारे ४७ किलोमीटरनंतर तो ढूंढ नदीस मिळतो. नळांतून दुसरे पाणी येऊ लागताच या नदीकडे पाहण्याचे प्रयोजन उरले नाही. तिच्यात सांडपाणी सोडले जाऊ लागले, सांगानेरच्या कापड छापण्याच्या कारखान्यांचे रंग मिसळू लागले, पात्रात भर पडून वस्त्या उठल्या. नदीचा नाला झाला, इतकेच नव्हे तर तो मुळापासून नालाच होता अशी लोकांची समजूत झाली. १९८१ च्या जुलैत अतिवृष्टी झाली तेव्हा या विसरलेल्या नदीने आपली जागा मागितली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मुंबईकर श्रोत्यांना यात परके काही वाटू नये. विहार तलाव १८६० साली मिठी नदीवरच बांधला गेला. पुढे मुंबईने तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असे एकाहून एक दूरचे पाणी आणले आणि मिठीचे गटार केले. मग २६ जुलै २००५ रोजी तिची ओळख सर्वांना नव्याने पटली.

दूरच्या पाण्याची दुसरीही एक किंमत असते. ती शहराबाहेरची माणसे देतात. बीसलपूरच्या पाण्यात आपल्या शेतांनाही वाटा मिळावा म्हणून टोंक जिल्ह्यातील शेतकरी २००५ च्या जूनमध्ये सोहेला येथे महामार्गावर एकत्र जमले होते. तेथे झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. जयपूरच्या नळाला तेव्हा हे पाणी यायचेच होते. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसणाऱ्या बायाबापड्यांचे चित्र याहून शांत आहे, पण प्रश्न तोच आहे. जे शहर आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस गटारात घालवते, त्याने शंभर किलोमीटरवरील नदीवर कोणत्या न्यायाने हक्क सांगावा?

या प्रश्नाची जाणीव जयपूरच्या कारभाऱ्यांना झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजा मानसिंहाच्या काळी दुष्काळानंतर बांधलेल्या मानसागर तलावात, ज्याच्या मधोमध जलमहल उभा आहे, दोन मोठ्या नाल्यांतून शहराचे सांडपाणी कित्येक दशके येत होते. या शतकाच्या आरंभी केंद्र शासनाच्या सरोवर संरक्षण योजनेतून त्याचे शुद्धीकरण हाती घेण्यात आले. सांडपाण्याचे नाले वळवले गेले, गाळ काढला गेला, शुद्ध केलेले पाणी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून गाळून तलावात सोडण्याची व्यवस्था झाली आणि पाखरांसाठी बेटे उभारली गेली. स्थलांतर करणारे पक्षी परत आले. त्याच वेळी काठावरची शंभर एकर जमीन पर्यटनासाठी खाजगी संस्थेस ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यावरून न्यायालयीन वाद झाला. उच्च न्यायालयाने २०१२ साली तो पट्टा रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तलाव वाचवण्याचा खर्च कोणी करायचा आणि त्याच्या मोबदल्यात काय द्यायचे, हा प्रश्न कोणत्याही नगरशासनाला चुकणारा नाही.

यानंतर द्रव्यवतीची पाळी आली. न्यायालयाच्या आदेशांनंतर पात्रातील अतिक्रमणे हटवण्यात आली आणि २०१६ साली जयपूर विकास प्राधिकरणाने सुमारे १,६७६ कोटी रुपयांची योजना हाती घेतली. दिवसाला १७ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारी पाच केंद्रे, दोन्ही काठांवर पायवाटा, उद्याने, झाडे असा तिचा पसारा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा काही भाग खुला झाला. अनेक वर्षांनी लोक नाकाला रुमाल न लावता या काठावर फिरू लागले, हे लहान यश नव्हे. तथापि पात्राचा बराच भाग सिमेंटने बांधून काढल्यामुळे पाणी जमिनीत मुरावे कसे, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला. पुढे देखभालीच्या खर्चावरून तंटे झाले आणि काठावरची रया काही ठिकाणी गेली. नाल्याची नदी एका समारंभात करता येते. ती नदी राहावी यासाठी दररोज कोणीतरी केंद्राची यंत्रे चालवावी लागतात, कचरा काढावा लागतो, विजेचे देयक भरावे लागते. त्याच प्राधिकरणाने नाहरगडच्या पायथ्याशी सुमारे ६४ हेक्टर वाळूच्या टेकड्यांवर किशनबाग नावाचे उद्यान केले. तेथे हिरवळीचे गालिचे नाहीत. खेजडीसारखी मरुभूमीतील मूळची झाडेझुडपे आणि गवते आहेत. भूमीचा स्वभाव ओळखून केलेले हे काम खर्चाच्या मानाने लहान, पण विचाराच्या दृष्टीने मोठे आहे.

मात्र खरी कसोटी उद्यानांत आणि समारंभांत लागत नाही. ती रामगडला लागते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती ज्या रामगडच्या जलाशयात झाल्या, तो या शतकाच्या पहिल्याच दशकात कोरडा पडला. धरणाची भिंत शाबूत आहे. पाऊसही अजिबात थांबलेला नाही. थांबले आहे ते पाण्याचे येणे. बाणगंगेला मिळणाऱ्या ओढ्यांवर ठिकठिकाणी बांध पडले, पात्रांत शेते आणि बागायती घरे उभी राहिली, भूजल खोल गेले आणि धरणाकडे जाणारी वाटच तुटली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या धरणावर यांत्रिक विमानिकांच्या, म्हणजे ड्रोनच्या, साहाय्याने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला. पहिल्या दिवशी बघ्यांची झुंबड उडाली आणि ड्रोनला ढग गाठता आले नाहीत. आकाशातून पाणी ओढून आणण्याची ही धडपड चालू असता, पडलेले पाणी ज्या ओढ्यांतून यायचे ते ओढे कागदावर आणि जमिनीवर बुजलेलेच होते.

‘कागदावर’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. राजस्थानच्या महसुली दप्तरात नदी, नाला, तलाव यांखालच्या जमिनीची नोंद ‘गैरमुमकिन’ या शब्दाने होते. गैरमुमकिन नदी, गैरमुमकिन नाला, म्हणजे जेथे लागवड अशक्य आहे अशी जागा. आपल्या सातबाऱ्यावरील पोटखराब्याची ही भावंडे. नांगराच्या दृष्टीने ही जमीन निरुपयोगी. पाण्याच्या दृष्टीने मात्र तिच्याइतकी मोलाची दुसरी नाही. १९५५ च्या राजस्थान कूळ कायद्याने नदी-तलावाच्या पात्रातील जमिनीवर खातेदारी हक्क मिळू नये अशी व्यवस्था केली होती. तरीही काळाच्या ओघात अशा जमिनी वाटल्या गेल्या, त्यांचे भूखंड पडले, त्यांवर नकाशे मंजूर झाले. २००४ साली राजस्थान उच्च न्यायालयाने अब्दुल रहमान खटल्यात आदेश दिला की, नद्या-नाल्यांचे पाणलोट १५ ऑगस्ट १९४७ रोजी होते त्या स्थितीस आणावेत. स्वातंत्र्याच्या दिवसाला पाण्याच्या हक्काचीही मर्यादारेषा मानणारा हा निकाल अतिशय अर्थपूर्ण आहे. त्याची अंमलबजावणी अर्थातच सोपी नाही. नदीच्या एका काठावर महानगरपालिका, दुसऱ्या काठावर विकास प्राधिकरण, डोंगरावर वनखाते, धरणावर पाटबंधारे खाते, नळावर जलदाय विभाग आणि शेतावर तलाठी, म्हणजे तिकडचा पटवारी, अशी विभागणी असते. पाणी मात्र या सर्वांच्या हद्दी ओलांडून एकच असते.

म्हणून पर्यावरणाचे रक्षण करणाऱ्या नगरशासनाची परीक्षा घ्यायची झाल्यास त्याने किती झाडे लावली, किती कोटींची योजना जाहीर केली, हे विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर करताना जुना महसुली नकाशा शेजारी ठेवला जातो काय? जुन्या नकाशावर निळ्या रेषेने दाखवलेला ओढा नव्या नकाशावर ओढाच राहतो, की त्याचा रस्ता किंवा भूखंड होतो? छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याचा नियम मोठ्या भूखंडांना लागू आहे. त्यासाठी खोदलेला खड्डा पावसाळ्यापूर्वी कोणी उघडून पाहतो काय? ही कामे कोणाच्या गौरवाची नाहीत. यांची उद्घाटने होत नाहीत, यांच्यावर कोनशिला बसत नाहीत. एखादा अभियंता, एखादा पटवारी, एखादा कारकून आपल्या मेजावर ती करतो किंवा करत नाही. आणि त्याचे फळ किंवा शिक्षा शहराला वीस वर्षांनी मिळते.

तीनशे वर्षांपूर्वी एका राजाने कोरड्या माळावर शहर आखताना चौकांत देखणी कुंडे बांधली आणि त्यांत पाणी येण्याची वाटही आखली. कुंडे रस्त्याखाली गाडली गेली तरी अभंग राहिली. वाट तेवढी मोडली. ती पुन्हा आखणे जयपूरच्या कारभाऱ्यांच्या हाती आहे. आपापल्या गावी, आपापल्या ओढ्याकाठी, ते इतरांच्याही हाती आहे.