रेषेचा संयम : ज्योर्जेत्तो जुजारो



ज्या चित्रकलाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विषयाला ‘मोकळा तास’ समजण्याची रीत आपल्या शाळांतून अजून गेलेली नाही. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या तासावर पडते. म्हणून आज साहित्याचा विषय बाजूस ठेवून मी इटलीतील एका मोटार-आरेखकाविषयी बोलणार आहे. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. पण शैली म्हणजे काय, हा प्रश्न मी आयुष्यभर शिकविला, आणि या गृहस्थांच्या कामात मला त्याचे एक उत्तर दिसते.

ज्योर्जेत्तो जुजारो यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३८ रोजी उत्तर इटलीतील गारेस्सिओ या गावी झाला. आजोबा चर्चमध्ये भित्तिचित्रे काढीत; वडीलही चित्रकारच. भित्तिचित्रात ओल्या चुन्यावर रंग भरतात. चुना सुकण्यापूर्वी हात आटोपावा लागतो, आणि रेषा चुकली तर गिलावाच खरवडावा लागतो. अशा घरातील मुलाला रेषेची किंमत निराळी शिकवावी लागली नसेल. चौदाव्या वर्षी ते तुरीनला आले आणि चित्रकलेबरोबरच तांत्रिक आरेखनही शिकू लागले.

१९५५ साली फियाटचे तांत्रिक प्रमुख दान्ते जाकोसा यांनी त्यांची रेखाटने पाहिली आणि सतरा वर्षांच्या या मुलाला कामावर घेतले. जाकोसा आपल्यालाही अगदीच परके नव्हेत. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेली काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ही त्यांच्याच देखरेखीखाली घडलेल्या फियाट ११०० ची वंशज. पुढे १९५९ मध्ये नुच्चो बेर्तोने यांनी जुजारोंना आपल्याकडे घेतले. एवढी चित्रे या पोराने स्वतः काढली असतील का, अशी शंका आल्याने बेर्तोने यांनी आधी त्यांची परीक्षा घेतली, असे सांगतात. १९६५ पासून ते गिया या संस्थेत होते. तेथे रेखाटलेली मासेराती गिब्ली ही १९६६ ची गाडी रसिक आजही डोळे भरून पाहतात. मला ती थोडी अलंकारबहुल वाटते. पण हा माझ्या रुचीचा दोष असू शकेल.

खरे वळण १९६८ चे. अभियंते आल्दो मान्तोवानी यांच्यासह त्यांनी इटालडिझाइन ही संस्था उभी केली. गाडीचे नुसते चित्र देऊन ही संस्था थांबत नसे. ती कारखान्यात कशी घडवावी, याचाही आराखडा देई. आपल्या उद्यमबागेतील कोणताही कारागीर सांगेल की कागदावरचा प्रत्येक बाक साच्यात उतरतोच असे नाही. फोक्सवॅगनची गोल्फ (१९७४) या पद्धतीतून आली. बीटलच्या गोलाईला कंटाळलेल्या जगाला तिच्या सरळ कडांनी एक नवे वळण दिले.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती १९८० ची फियाट पांडा. छोट्या फियाट १२६ पेक्षा वजन आणि खर्च वाढू नये, ही अट. वक्र काच महाग, म्हणून जुजारोंनी काचा सपाट घेतल्या. बाकांची आवरणे काढून धुता येत; मागचे आसन झोळीसारखे करता येई. या गाडीची तुलना ते जीन्सच्या विजारीशी करीत. आपल्या काव्यशास्त्रात अल्पाक्षरत्व हा गुण मानला आहे. पांडात एकही रेषा केवळ शोभेसाठी आलेली नाही, आणि तरीही तिला रूप आहे. गरिबीचे हे कौतुक नव्हे, कारण ज्याला कमी पैशांत गाडी घ्यायची त्यालाही विचारपूर्वक केलेली वस्तू मिळावी, हा आग्रह त्यामागे आहे. १९८१ मध्ये तिला ‘कंपासो दोरो’ हा इटलीतील मानाचा आरेखन-पुरस्कार मिळाला.

निकॉन एफ-३ कॅमेरा, शिवणयंत्र, एवढेच काय, १९८३ मध्ये त्यांनी पास्त्याचाही एक आकार रेखाटला! तो मात्र सारखा शिजेना. रेषेला आचेचाही हिशोब द्यावा लागतो, तो तिथे चुकला.

१९९९ मध्ये त्यांना शतकातील सर्वश्रेष्ठ मोटार-आरेखक म्हणून गौरविण्यात आले. २०१० मध्ये इटालडिझाइनचा मोठा हिस्सा फोक्सवॅगन समूहाकडे गेला, आणि २०१५ मध्ये जुजारो आपल्याच संस्थेतून बाहेर पडले. तोवर पंचाहत्तरी उलटून गेली होती. त्याच वर्षी चिरंजीव फाब्रित्सिओ यांच्यासह त्यांनी नवी संस्था काढली आणि पुन्हा कागद पुढे ओढला.